मंचावर गाजलेली कविता पुस्तकात फिकी का पडते?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ओपन माइकवर, म्हणजे कुणीही उठून सादर करावं अशा मंचावर, कविता म्हणतात. टाळ्या मिळतात, पण त्याच कविता टाइप करून वाचल्या की पाणचट वाटतात, असं त्यांनी लिहिलंय. परदेशातल्या स्पोकन वर्डवाल्यांची, म्हणजे मंचावर म्हणायची कविता करणाऱ्यांची, पुस्तकं कशी जमतात आणि आपण पुस्तक काढावं का, असं त्या विचारतायत.

मी कवयित्री नाही. ठाण्यात चरईत डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंक आणि कवितासंग्रह. पेजमेकर आणि श्री-लिपी या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून कविता लावतेय. जाणकार मंडळी त्यांचं लिहितीलच, हे पान लावणारीचं म्हणणं.

तुमची कविता पाणचट नाही. (न वाचता म्हणतेय, त्यावर शेवटी बोलू.) तुम्ही ती नुसती टाइप केलीय. मंचावर तुम्ही थांबता, एखादा शब्द ओढता, एखादा गिळता, माइकपासून मागे होता. फाइलमध्ये यातलं काय उतरलं? फक्त शब्द. बाकीचं तुम्ही घरी ठेवून आलात आणि आता म्हणताय कवितेत दम नाही.

काही वर्षांपूर्वी कोपरीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. एका प्रकाशनाकडून त्याचा पहिला संग्रह निघणार होता. निघणार म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच असेल: पैसे मुलाचे, नाव प्रकाशनाचं. त्यातली एक लांब कविता मी आधी वाशीला एका छोट्या सभागृहात ऐकली होती. ट्रान्स-हार्बरवरची, म्हणजे ठाणे-वाशी लोकलच्या मार्गावरची. त्याची आई पहाटेच्या लोकलने ठाण्याहून तुर्भ्याला जायची, कांदा-बटाटा मार्केटात कांदा निवडायला. कवितेत एकेक स्टेशन येतं आणि दोन स्टेशनांच्या मध्ये आई बोलते. पण ठाण्यापासून ऐरोलीपर्यंतचा पट्टा लांब (दिघा गाव स्टेशन तेव्हा झालं नव्हतं, ते 2024 मध्ये सुरू झालं), त्या पट्ट्यात हा काहीच बोलायचा नाही. एक हात वर, वरची कडी धरलेला, आणि दुसऱ्या हाताची अंगठी माइकच्या स्टँडवर टक, टक. लोक चुळबुळ करायचे. कुणीतरी फिसकन हसायचं, मग तेही गप्प. आणि एकदम, ऐरोली. पुढे रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी अंतरं कमी होत जातात, तशी आईची वाक्यंही तुटत जातात आणि तुर्भ्याला ती अर्ध्या शब्दावर उतरते. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती, आणि ती नवऱ्याला सोबत म्हणून आली होती, कवितेसाठी नाही.

तीच कविता वर्ड फाइलमध्ये सव्वा पानात. ठाणे, ऐरोली, रबाळे एकाखाली एक, रेल्वेचं टाइमटेबल छापावं तशी.

मी त्याला समोर बसवलं, म्हटलं, म्हण. तो म्हणत गेला, मी पेन्सिलीने खुणा करत गेले. मग लावायला घेतली. उजव्या पानावर वर ‘ठाणे’, आणि खाली पूर्ण पान मोकळं. ‘ऐरोली’ मागच्या बाजूला, तेही तळाशी. वाचणाऱ्याला पान उलटायला जेवढा वेळ लागतो, तेवढं ते थांबणं. अंगठीच्या टकटकीसाठी कोऱ्या जागेत अंतर सोडून नुसते दंड (उभ्या रेघा) टाकले. स्टेशनांची नावं उजव्या समासाला, बारीक टाइपात. आईची वाक्यं डावीकडून. आणि प्रत्येक स्टेशनानंतर लीडिंग, म्हणजे दोन ओळींमधली जागा, थोडं थोडं कमी केलं. तुर्भ्यापर्यंत ओळी एकमेकींच्या अंगावर आल्या. मुलगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, “ताई, गर्दी झाली.” म्हटलं, हो, तीच करायची होती.

प्रूफं (तपासायच्या छापील प्रती) प्रकाशनाच्या संपादकांकडे गेली. नाव घेत नाही. ज्येष्ठ कवी, आमच्याकडे मान मोठा, सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. प्रूफं परत आली ती लालेलाल. मोकळ्या पानावर ‘पान कोरे का?’ जिथे जिथे अंतर तिथे ‘जागा कमी करा’. दंडांवर काट मारून ‘अनावश्यक चिन्हे’. आणि ज्याचा मला सगळ्यात राग आला ते म्हणजे आईच्या तोंडचं ‘व्हतं’ खोडून ‘होतं’, ‘न्हाई’ खोडून ‘नाही’. कांदा निवडणाऱ्या बाईला सरांनी पुस्तकी मराठी बोलायला लावलं.

मी प्रूफं घेऊन स्वतः त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “कविता कानाची असेल तर कानात ठेवा. पानावर नाचू नका.” आता गंमत बघा. हेच सर विंदा, बापट आणि पाडगावकरांना एका मंचावर ऐकल्याचं इतकं रंगवून सांगतात की गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर चहा गार होतो. विंदांची नक्कल करतात, हात उगारून, आवाज चढवून. ते मात्र काव्यवाचन. आणि कोपरीचा मुलगा अंगठी वाजवतो ते गॅदरिंग.

मी म्हटलं, सर, अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी संग्रहात ज्वारीच्या शेतात कोंबड्या उड्या मारतात, तिथे अक्षरंच खालीवर उड्या मारतायत, 1976 चं पुस्तक आहे. म्हणाले, “ते कोलटकर.” ही आपल्याकडची ठरलेली पळवाट. मोठ्याने केलं की प्रयोग, लहानाने केलं की चाळे. शिवाय कोलटकर जाहिरातीत ग्राफिकचं काम करणारे होते, त्यांना पान कसं बोलतं ते माहीत होतं. त्यांचा मराठी संग्रह ‘भिजकी वही’ हातात घेऊन बघा.

आणि सरांनी ज्यांना अनावश्यक म्हटलं ती चिन्हं आपल्याकडे आजची आहेत का? गणपतीत घरोघरी आरतीचं पुस्तक निघतं. त्यात ‘॥धृ.॥’ असतं. पहिली-दुसरीतलं पोरही ते बघून परत पहिल्या ओळीवर जातं, कुणी शिकवावं लागत नाही. ओढून म्हणायच्या अक्षरापुढे अवग्रह असतो, ‘आऽऽ’. अभंगाच्या दोन दंडांवर टाळ थांबतो. म्हणायची कविता छापायची कशी हे आपल्या छापखान्यांना कधीपासून येतंय. नवीन कवीने तेच मागितलं की आम्हाला कागदाची किंमत आठवते.

कागदाचंही खोटं नाही. माझ्या मांडणीत पुस्तक 96 पानांचं होत होतं, म्हणजे सोळा पानांचा एक असे सहा फर्मे. सरांच्या दुरुस्त्या घेतल्या की 80, पाच फर्मे. प्रकाशकाने मुलाला दोन्ही आकडे सांगितले. त्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. त्याला काय बोलणार?

प्रकाशन समारंभात त्याने पुस्तक उघडून ती कविता म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळला. त्याचीच कविता, पण पानावर थांबायला जागाच नव्हती. पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि पाठ म्हणाला. सभागृह उभं राहिलं. मग सर बोलायला उठले: “मी म्हणालोच होतो, ही कविता पुस्तकात बसत नाही.”

बसू कुणी दिली?

आता तुमचं परदेशाचं. तिथेही सर असतात. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या पीएन रिव्ह्यू या कवितेच्या मासिकात रिबेका वॉट्स यांनी हॉली मॅक्निश वगैरे लोकप्रिय कवयित्रींवर लेख लिहिला, कारागिरीच नाही म्हणून. पण काम करणारे करतात. इंग्लंडमधल्याच केई टेम्पेस्ट यांचं ‘लेट देम ईट केऑस’ 2016 मध्ये अल्बम म्हणूनही आलं आणि पुस्तक म्हणूनही. पुस्तकात सांगूनच टाकलंय की ही कविता मोठ्याने वाचण्यासाठी आहे. लिंटन क्वेसी जॉन्सन जमैकन बोली कानाला येते तशी लिहितात, रेगेच्या ठेक्यावर म्हणतात, आणि 2002 मध्ये पेंग्विनच्या मॉडर्न क्लासिक्समध्ये ते आले, त्याच स्पेलिंगसकट. तिथे कुणी त्यांचं ‘व्हतं’ ‘होतं’ केलं नाही. बहिणाबाईंचंही केलं नाही आपण, 1952 मध्ये त्यांची गाणी पुस्तकात आली ती खानदेशीतच. मग कोपरीच्या आईचं का?

रेमंड अँट्रोबस यांचं पुस्तक मला त्या मुलानेच आणून दाखवलं, ‘द पर्सिव्हिअरन्स’, 2018 चं. या इंग्रज कवींना लहानपणापासून कमी ऐकू येतं. मंचावर गाजलेले कवी, पण पुस्तकात ब्रिटिश खुणांच्या भाषेतल्या हातांची चित्रं आहेत. जुन्या पिढीतले मोठे इंग्रज कवी टेड ह्यूज यांची कर्णबधिर मुलांच्या शाळेवरची एक कविता आहे, ती अँट्रोबस यांनी ओळ न् ओळ काळी फासून छापलीय. हे मंचावर कसं म्हणाल? पानावर ते किंचाळतं. आणि या पुस्तकाला पुरस्कार मिळाला तो टेड ह्यूज यांच्याच नावाचा! अमेरिकेत डग्लस किअर्नी शब्दांवर शब्द चढवून पान लावतात, वाचताना दोन-तीन आवाज एकदम ऐकू यावेत म्हणून. असलं काम माझ्याकडे आलं तर मी पैसे कमी घेईन, खरंच. त्याही आधी, 1950 मध्ये अमेरिकन कवी चार्ल्स ओल्सन यांनी लिहिलं होतं की टाइपरायटरच्या सारख्या अंतरामुळे कवीला आपला श्वास, आपलं थांबणं नेमकं पानावर मांडता येतं. तेव्हा टाइपरायटर होता, आता पान लावायला इनडिझाइनसारखं सॉफ्टवेअर आहे, आणि तुम्ही कवी मंडळी मला वर्डमध्ये स्पेसबार दाबून दाबून फाइल पाठवता.

म्हणून, ताई, आधी हे करा. कविता म्हणताना रेकॉर्ड करा, ती ऐकत प्रिंटवर पेन्सिलीने खुणा करा: कुठे श्वास, कुठे लांबण, कुठे प्रेक्षकांसाठी थांबलात. ही शेवटची खूण झाली की स्वतःला विचारा, टाळीसाठी थांबला होतात का? टाळीच्या जागा पानावर मरतात, त्यांना कुठलीही मांडणी वाचवत नाही. स्लॅमची, म्हणजे मंचावर कविता म्हणायची, स्पर्धा मार्क स्मिथ यांनी शिकागोत ऐंशीच्या दशकात सुरू केली, तिथल्या स्पर्धांमध्ये तीन मिनिटं आणि श्रोत्यांमधल्या परीक्षकांचे गुण असा नियम असतो. त्या साच्यात घडवलेल्या कवितेला शेवटी टाळी घेणारा एक दणका लागतोच. वाचणाऱ्याला तो दुसऱ्या ओळीत दिसतो.

पुस्तक काढावं का, तर ऐंशी पानांचं काढू नका. एक फर्मा काढा. सोळा पानं, एकच लांब कविता, स्टेपल मारलेली. त्या मुलाची ट्रान्स-हार्बर आम्ही नंतर तशीच काढली, कोऱ्या पानासकट, दंडांसकट, ‘व्हतं’सकट. कार्यक्रमांनंतर बाहेर टेबलावर ठेवतो, बऱ्यापैकी जातात. सरांनाही एक प्रत दिली. त्यांनी घेतली, चाळली, कोऱ्या पानावर थांबले आणि म्हणाले, “छपाईत गेलं वाटतं इथलं.”

प्रकाशकाकडे गेलातच, तर करारात एक ओळ लिहून घ्या: ओळींची जागा, मोकळी जागा आणि बोलीतले शब्द कवीला विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत. तोंडी नको. तोंडी दिलेलं सगळं ‘जागा कमी करा’त जातं.

आता वरची कंसातली गोष्ट. तुमच्या कविता मी वाचलेल्या नाहीत, पाणचट असूही शकतील. आणि सरांच्या बाजूने एवढं म्हणेन की माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात ‘सादरीकरणाच्या’ कविता मांडणीने नटवलेल्या असतात, आत काही नसतं. शब्द जिन्यासारखे उतरवले की कविता झाली असं वाटणारेही खूप आहेत. अशांच्या फाइली मी मुकाट्याने डावीकडे सरळ लावून देते आणि कुणालाच फरक कळत नाही. तुमची तशी आहे का हे बघायचं तर ती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या, तुम्ही वाचू नका. ते जिथे आपोआप थांबतील तिथे तुमची खूण आहे का बघा. असेल तर माझ्याकडे या, पीडीएफ आणा, आणि रेकॉर्डिंगही.