प्रोबेशनच्या आठव्या महिन्यातला भ्रमनिरास: एका जुन्या शिपायाचे उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय चोवीस आहे, मिडलंड्समधल्या एका शहरात तुम्ही पदवी-अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे नोकरी करता करता पदवी घेण्याच्या मार्गाने कॉन्स्टेबल म्हणून भरती झाला आहात, आणि आठ महिन्यांनंतर तुम्ही विचारता की ज्या कामासाठी शपथ घेतली ते काम सुरू कधी होणार. अर्धी शिफ्ट रुग्णालयात कोणाच्या तरी शेजारी बसण्यात जाते आणि उरलेली संगणकापुढे. एक दुकानचोर पकडला, तर त्याची फाईल तीनदा परत आली. साताऱ्याहून वडील फोनवर विचारतात, "आज किती जणांना पकडलेस?" आणि तुमच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. राजीनामा द्यावा का, हा तुमचा प्रश्न आहे. मी इंग्लंडमधल्याच एका पोलीस दलात 1999 पासून चोवीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षे तातडीच्या कॉल्सना धावणाऱ्या टीमचा सार्जंट म्हणून, आणि तुमच्यासारखी बरीच मुले-मुली माझ्या हाताखालून गेली. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते: तुमच्या ट्यूटरची, म्हणजे प्रत्यक्ष कामावर तुम्हाला शिकवणाऱ्या अधिकाऱ्याची, स्वतःची नोकरी जेमतेम अडीच वर्षांची आहे. तुमच्या निराशेचे मूळ मला तिथे दिसते. 2010 नंतरच्या काटकसरीच्या काळात इंग्लंड आणि वेल्समधल्या 43 दलांतून सुमारे 20 हजार अधिकारी कमी झाले. 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने मार्च 2023 पर्यंत 20 हजार जादा अधिकारी भरण्याची घोषणा केली आणि तो आकडा गाठलाही गेला. पण भरतीने डोकी परत आली, गेलेल्या माणसांची वीस-वीस वर्षांची जाण परत आली नाही. ही भरती संपली तेव्हा एकूण अधिकाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी होती, आणि तातडीच्या टीमवर तर हे प्रमाण डोळ्यांना दिसेल इतके जास्त होते, कारण नवीन माणूस आधी तिथेच येतो. म्हणजे ज्या कामात सर्वांत जास्त अनुभव लागतो, तिथे तो सर्वांत कमी उरला. तुम्ही कमकुवत आहात किंवा या कामासाठी तुमचा पिंड नाही, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. तुम्हाला हाताला धरून शिकवणारे कोणी मिळालेले नाही, एवढेच मला तुमच्या पत्रातून दिसते.

माझ्या ट्यूटरची सेवा एकोणीस वर्षांची होती. माझ्या तिसऱ्या की चौथ्या आठवड्यातली एक रात्र सांगतो. शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकून 999 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन केला होता. दार उघडणारी बाई शांतपणे म्हणाली की काही झाले नाही, टीव्हीचा आवाज मोठा होता. तिचा नवरा मागे सोफ्यावर बसला होता. मी वही काढून प्रश्न विचारायला लागणार, तेवढ्यात माझ्या ट्यूटरने तिच्याकडे ग्लासभर पाणी मागितले आणि तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. कचऱ्याच्या डब्यात वरच फुटलेला टेलिफोन पडला होता. त्याने त्याकडे बोट दाखवले नाही, पाणी पिता पिता तिला एवढेच विचारले की तिची बहीण जवळपास राहते का. ती रडायला लागली. त्यानंतर तिने जो जबाब दिला, तो मी माझ्या वहीतल्या प्रश्नांनी शंभर वर्षांत मिळवू शकलो नसतो. हे कोणत्याही विद्यापीठाच्या मोड्यूलमध्ये शिकवता येत नाही. ते शेजारी उभे राहून बघावे लागते. आज अनेक ठिकाणी कौटुंबिक हिंसाचाराच्या कॉलवर नवीन अधिकारी डॅश फॉर्मचे (समोरच्या व्यक्तीला किती धोका आहे हे जोखणाऱ्या अर्जाचे) 27 प्रश्न मोबाइलवर वाचून दाखवतो, समोरची बाई सत्तावीस वेळा "नाही" म्हणते, आणि बाहेर पडताना अधिकाऱ्याला वाटते की आपण वेळ फुकट घालवला.

तो फुकट गेलेला नसतो, हेही तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. क्लेअर्स लॉ या नावाने ओळखली जाणारी योजना 2014 पासून इंग्लंड आणि वेल्सभर लागू आहे. आपल्या जोडीदाराचा पूर्वीचा हिंसेचा इतिहास काय, हे त्या योजनेत पोलिसांना विचारता येते. एखादी दुसरीच बाई तीन वर्षांनी तसा अर्ज करते, तेव्हा तिला द्यायची माहिती येते कुठून? तुम्ही रात्री तीन वाजता, बाई तक्रार द्यायला तयार नसताना, नीट भरलेल्या त्या फॉर्ममधून येते. मी सार्जंट असताना असे अर्ज डोळ्यांखालून गेले आहेत, आणि ज्या नोंदीत कोणीतरी "दाराची कडी आतून उखडलेली, मुलगा जिन्यात बसलेला" अशी एक ओळ जास्तीची लिहिली होती, त्या नोंदीने निर्णय सोपा केलेला मी पाहिला आहे.

रुग्णालयात बसण्याबद्दल तुमची तक्रार मात्र मला बव्हंशी रास्त वाटते. मेंटल हेल्थ ॲक्ट 1983 च्या कलम 136 खाली तुम्ही मानसिक संकटात सापडलेल्या एखाद्याला सुरक्षित ठिकाणी नेता, कायदा त्याच्या तपासणीसाठी 24 तास देतो, आणि खाट किंवा तपासणारे डॉक्टर मिळेपर्यंत दोन पोलीस त्याच्याजवळ अडकून पडतात. हे काम पोलिसांनी पत्करले ते आवड म्हणून नव्हे; मानसिक आरोग्याच्या आणि समाजकल्याणाच्या सेवा संध्याकाळी पाचला दार लावतात आणि 999 लावत नाही, म्हणून ते आपल्या पदरात पडले. हंबरसाइड पोलिसांनी 2020 मध्ये "राइट केअर, राइट पर्सन" ही पद्धत सुरू केली आणि जुलै 2023 मध्ये तिच्यावर राष्ट्रीय पातळीवर करार झाला. पोलिसांची खरोखर गरज असेल तिथेच पोलिसांनी जावे, हे तिचे सूत्र आहे. मी त्या बदलाच्या बाजूने आहे, पण आरोग्यसेवेत तेवढी माणसे नसतील तर मधल्या फटीत रुग्णच पडतो, याची काळजी मला आजही वाटते. एका रात्री रेल्वेच्या पुलावरून परत आणलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाशेजारी मी अकरा तास बसलो. नवव्या तासापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मग त्याने फोनचा चार्जर मागितला, कारण सकाळी कामावर येणार नाही हे मालकाला कळवायचे होते. पोलिसाचे काम तिथे काय होते, असे मला विचारले तर मी कायद्याचे कलम सांगू शकेन, पण चार्जर शोधून आणल्याचे समाधान मला त्या वर्षीच्या कोणत्याही अटकेपेक्षा जास्त लक्षात आहे.

आता फाईल. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण सगळ्या कागदांना सारखीच शिवी दिली की माणूस कडवट होतो. माझा ट्यूटर 1980 मध्ये भरती झाला, म्हणजे पोलिसांचे अधिकार आणि चौकशीचे नियम बांधून देणाऱ्या 1984 च्या पेस कायद्याच्या आधी. चौकशीचे ध्वनिमुद्रण नसताना जबाब कसे "तयार" होत, हे त्याने पाहिले होते आणि त्याबद्दल तो फारसे बोलत नसे. तुमच्याच भागातले बर्मिंगहॅम सिक्स, म्हणजे 1974 च्या पबमधील बॉम्बस्फोटांसाठी चुकीने दोषी ठरवलेले सहा जण, सोळा वर्षे तुरुंगात राहून मार्च 1991 मध्ये निर्दोष सुटले. आरोपीच्या बाजूचा पुरावाही नोंदवायचा आणि उघड करायचा, हे 1996 च्या कायद्याने आपल्यावर टाकलेले बंधन अशा प्रकरणांच्या पाठोपाठ आले आहे. त्या कागदांचा कंटाळा करू नका. मुद्देमालाची यादी आणि न वापरलेल्या पुराव्याची नोंद हेच खरे तपासाचे काम आहे.

पण 2020 च्या अखेरीस लागू झालेल्या मार्गदर्शिकेनंतर आरोप ठेवायचा की नाही हे ठरण्याआधीच जवळजवळ सगळी सामग्री सरकारी वकिलांकडे पाठवावी लागते, आणि तीही खासगी तपशील झाकून. बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रफितीतल्या अनोळखी माणसाचा पत्ता पुसण्यात दोन-दोन तास घालवायचे, आणि मग पुरावा अपुरा म्हणून प्रकरण बंद व्हायचे, हा शुद्ध अपव्यय आहे, आणि असे म्हणणारा मी एकटा नाही. तुमची फाईल तीनदा परत आली ती बहुधा याच घोळात. त्यात भर म्हणजे मार्च 2023 पर्यंतच्या वर्षात नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी गुन्ह्यांत आरोपी न्यायालयापुढे गेला, आणि 2024 मध्ये गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टांतली प्रलंबित प्रकरणे 70 हजारांच्या वर होती. दोन वर्षे वाट पाहून फिर्यादी माघार घेतो तेव्हा तो दोष आठ महिन्यांच्या शिपायाचा नसतो.

शेवटच्या परिच्छेदात तुम्ही टीमच्या व्हॉट्सॲप गटातल्या "विनोदांचा" उल्लेख केला आहे आणि पुढे लिहिले आहे की हे सगळीकडेच चालते. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मी मॅकफर्सन अहवालाच्या वर्षी भरती झालो. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या 1993 मधल्या खुनाच्या तपासातले लंडन पोलिसांचे अपयश त्या अहवालाने संस्थात्मक वंशवादाशी जोडले होते. चोवीस वर्षांनी, मार्च 2023 मध्ये, लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांविषयी लुईस केसी यांच्या अहवालाने तेच म्हटले, आणि त्यात स्त्रीद्वेषाची व समलिंगी व्यक्तींविषयीच्या द्वेषाची भर घातली. माझ्या दुसऱ्या वर्षी एक सहकारी एका पाकिस्तानी टॅक्सीवाल्याशी ज्या भाषेत बोलला, ती मी गाडीत बसून ऐकली आणि गप्प राहिलो, कारण मला प्रोबेशन पूर्ण करायचे होते. त्या टॅक्सीवाल्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले होते. ती नजर मला अजून आठवते. तेव्हा संदेश पुसू नका, तारीख-वेळ वहीत लिहा, सार्जंट स्वतः त्या गटात असेल तर वरच्या इन्स्पेक्टरकडे किंवा दलाच्या व्यावसायिक मानक विभागाकडे जा आणि पोलीस फेडरेशनच्या, म्हणजे आपल्या कर्मचारी संघटनेच्या, प्रतिनिधीला सोबत घ्या. गैरवर्तन दिसल्यास ते कळवणे हा तुमच्या आचारसंहितेचाच भाग आहे.

राजीनाम्याबद्दल माझे मत सरळ सांगतो: आत्ता देऊ नका, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात तर हा विचारही करू नका. राजीनाम्याला एक महिन्याची लेखी सूचना पुरते, म्हणजे तो मार्ग उद्याही खुला आहे. त्याआधी सार्जंटकडे लेखी मागणी करा की पुढचे तीन महिने तुम्हाला दहा वर्षांहून अधिक सेवा असलेल्या अधिकाऱ्याबरोबर ठेवावे. असा कोणी टीमवर नसेल तर नेबरहूड टीमवर (वस्तीपातळीवर काम करणाऱ्या) किंवा कस्टडीत (पोलीस कोठडीत) तात्पुरती नेमणूक मागावी, कारण जुनी माणसे बहुधा तिथे सापडतात. मागणी नाकारली तर कारणही लेखी मागा आणि ते तुमच्या प्रशिक्षणाच्या पोर्टफोलिओला जोडून ठेवा. तीन महिन्यांनी इथे पुन्हा लिहा. तोपर्यंत ती तीनदा परत आलेली फाईल, नावे आणि तपशील अर्थातच वगळून, नेमकी कशासाठी परत आली ते कळवलेत तर चौथ्यांदा ती कशी बांधावी हे मी सांगू शकेन.