बिग सायप्रसमध्ये पहिला मुक्काम करताय?

फ्लोरिडातल्या बिग सायप्रसच्या दलदलीत पहिल्यांदाच राहणार असाल तर डिसेंबर ते मार्च एवढेच महिने धरा. पावसाळ्यात वाटा पाण्याखाली जातात आणि डास जगू देत नाहीत. परमिट आधीच काढा.

खरी परीक्षा पायांची. पाणी घोट्याएवढं दिसतं, पण खालच्या चुनखडीला खड्डे पडलेले असतात. पुढचं पाऊल थेट गुडघ्यापर्यंत जातं. म्हणून छातीएवढी काठी हवीच. आधी काठी टेकवायची, मग पाय. सायप्रसच्या झाडांची खुंटांसारखी वर आलेली मुळं गढूळ पाण्यात दिसत नाहीत, नडगी सोलून निघते. वॉटरप्रूफ बूट मात्र अजिबात नकोत! आत शिरलेलं पाणी त्यातून बाहेरच पडत नाही. जाळीचे, पाणी निथळणारे बूट घाला. झोपताना घालायचे कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा; दिवसभर भिजून पांढऱ्या पडलेल्या, सुरकुतलेल्या तळव्यांवर ते चढवताना जे सुख मिळतं, ते तुम्हालाही मिळावं असं मनापासून वाटतं.

पिण्याचं पाणी गाळून, शुद्ध करूनच घ्या. तंबू उंचवट्यावर लावा, ॲलिगेटर (मगरीसारखे प्राणी) असतात म्हणून पाण्याच्या काठापासून लांब. आणि अंधाराच्या दोन तास आधी तिथे पोहोचा, कारण कोरडी जागा शोधायला वेळ लागतो.