केंब्रिजच्या फॉर्ममध्ये कॉलेज कोणतं टाकू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गणितासाठी केंब्रिजला अर्ज करायचाय, १५ ऑक्टोबर ही शेवटची तारीख तोंडावर आलीय, बाबा म्हणतात ट्रिनिटीच टाक आणि मावसभाऊ म्हणतो लहान कॉलेज टाक, तिथे चान्स जास्त. दोघांचीही कारणं मला पटत नाहीत.

आधी बाबांची समजूत घाल. आपल्याकडे कॉलेज बदललं की शिकवणारे बदलतात, तसं तिथे नाही. लेक्चर्स, परीक्षा, पदवी सगळं विद्यापीठाचं. कुठल्याही कॉलेजची असलीस तरी पहिल्या वर्षी ग्रुप्स, अ‍ॅनालिसिस, प्रॉबॅबिलिटी वगैरे तेच आठ विषय, प्रत्येकाची २४ लेक्चर्स, सगळ्यांना एकत्रच. कॉलेजकडून मिळते ती राहायची खोली, जेवण आणि सुपरव्हिजन.

यातलं सुपरव्हिजन महत्त्वाचं. दोन विद्यार्थी, समोर एक शिकवणारा, एक तास. पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण दोनदा. एक्झाम्पल शीट, म्हणजे लेक्चर्सवरच्या गणितांचा कागद, सोडवून आधी देऊन ठेवायची. माझ्या अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या शीटवर एका ओळीशेजारी पेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. अनंत सिरीजमधली पदं मी सोयीप्रमाणे पुढेमागे केली होती. शिकवणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. कागदावर १ − १/२ + १/३ − १/४ असं लिहिलं आणि म्हणाल्या, आता एक धन पद, मग दोन ऋण, अशा क्रमाने घे. घेतली. बेरीज निम्मी आली! बाकीची शीट त्या दिवशी तशीच राहिली. बारावीत अशाच ओळी लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

तर शिकवणाऱ्याच्या त्या खुर्चीत कोण बसणार, हे तुझ्या कॉलेजचा डायरेक्टर ऑफ स्टडीज, म्हणजे तुझ्या विषयाचं बघणारा प्राध्यापक, ठरवतो. कॉलेजचा फरक पडतो तो इथे. पण शिकवणारी व्यक्ती बऱ्याचदा दुसऱ्याच कॉलेजची किंवा पीएचडी करणारी असते, त्यामुळे कॉलेजच्या नावावरून अंदाज बांधता येत नाही.

ट्रिनिटीत न्यूटन होता, हार्डी होता, १९१४ साली रामानुजन गेले ते तिथेच, हे सगळं खरं. गणिताची मुलंही तिथे वर्षाला चाळीसच्या आसपास. बऱ्याच कॉलेजांत हाच आकडा दहाच्या आत असतो. रात्री दोनला अडलं तर विचारायला शेजारी कोणीतरी जागं असतं, हा मोठा फायदा. पण जेवणाच्या टेबलावर रोज ऑलिंपियाडवाले भेटणार, आणि ते सगळ्यांच्याच पचनी पडतं असं नाही. स्वतःला ओळखून ठरव. बाबांना एवढंच सांग, की १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणितात पहिले, आलेले आपले रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे, आणि १९५९ मध्ये तोच मान मिळवणारे जयंत नारळीकर फिट्झविल्यमचे.

आता मावसभावाचा चान्स. एखादं कॉलेज वर्षाला सहा जण घेतं. पुढच्या वर्षी चार, त्यानंतर आठ. धोरण तेच असतं, आकडाच लहान आहे. सहाचं वर्गमूळ अडीचच्या आसपास, तेवढी वरखाली नुसत्या योगायोगाने होते. त्यात गंमत अशी, की गेल्या वर्षी जिथे 'सोपं' गेलं तिथे यंदा सगळे धावतात. शिवाय ट्रिनिटीला अर्ज करणारी मुलं मुळातच चाळून आलेली, म्हणून अर्ज भागिले प्रवेश या गुणोत्तरातून तुझी स्वतःची शक्यता निघत नाही. गणित शिकायला निघालेल्या मुलीने तरी कॉलेजवार आकड्यांच्या तक्त्यांवर रात्री घालवू नयेत.

आणि पूल असतोच. कॉलेजला मुलगी चांगली वाटली पण जागा नसली, तर ते तिचा अर्ज पूलमध्ये टाकतं आणि जानेवारीत दुसरी कॉलेजं त्यातून निवडतात. मी तसाच गेलो. मोठ्या हौसेने निवडलेल्या कॉलेजने घेतलं नाही, आणि ज्याने घेतलं ते नकाशावर शोधावं लागलं. महिन्याभरात ते घरचं वाटायला लागलं. काहीच ठरत नसेल तर ओपन अर्ज कर, कॉलेज विद्यापीठच नेमून देतं.

बघायचंच असेल तर रोजच्या जगण्याच्या गोष्टी बघ. परदेशी विद्यार्थ्यांना ट्यूशन फीखेरीज कॉलेज फी असते आणि ती कॉलेजागणिक बदलते. टर्म आठ आठवड्यांची. सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, हे ईमेल करून विचार, कारण दर सुट्टीला तू काही भारतात येणार नाहीस. न्यूनम आणि मरे एडवर्ड्स फक्त मुलींची आहेत. गर्टन गावापासून चारेक किलोमीटर, रोज सायकल. तिसऱ्या वर्षी लेक्चर्स विल्बरफोर्स रोडला असतात; चर्चिल, फिट्झविल्यम तिथून जवळ.

कॉलेज कोणतंही असो, ऑफर बहुधा स्टेप या गणिताच्या प्रवेशपरीक्षेच्या स्टेप २ आणि स्टेप ३ या दोन्ही पेपरांत ग्रेड १ मिळवण्याच्या अटीवर येते. प्रत्येक पेपर तीन तासांचा, बारा प्रश्न, त्यातले सर्वांत चांगले सहा धरतात. हातची ऑफर जाते ती इथे. रविवारी फॉर्ममध्ये कॉलेज टाकून मोकळी हो, सोमवारी स्टेप २ चा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडव, आणि सुटला नाही तो प्रश्न मला पाठव.