मोठ्या ओपन सोर्स रेपोत (कोडच्या साठ्यात) प्रत्येक पीआरचं (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) हिरवं असूनही मर्ज केल्यावर मेन ब्रँच (सगळ्यांचा मुख्य कोड) का तुटते?

कारण पीआरची टेस्ट जुन्या मेनवर झालेली असते, मर्ज होतो तेव्हाच्या मेनवर नाही, आणि यावर खरा उपाय म्हणजे मर्ज क्यू, म्हणजे मर्जआधी पीआर तपासणारी रांग. समजा एका पीआरने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने जुन्याच नावाने नवीन कॉल टाकला, गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, दोन्ही हिरवे, आणि दोन्ही मर्ज झाले की कोड कंपाइलच होत नाही. क्यूमध्ये पीआर ताज्या मेनवर, रांगेत पुढे असलेल्या पीआरसकट, तात्पुरत्या ब्रँचमध्ये जोडून तपासतात, पास झाला तरच मेन पुढे सरकते. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रेपोत हे काम बॉर्स नावाचा बॉट करतो, तिथे पूर्ण सीआयला तासन्तास लागतात म्हणून छोटे पीआर रोलअपमध्ये एकत्र तपासतात. गिटहबवर २०२३ पासून ऑर्गनायझेशनच्या पब्लिक रेपोला हे आयतंच मिळतं, फक्त सीआयसाठी गिटहब अ‍ॅक्शन्स वापरत असाल तर वर्कफ्लोत 'मर्ज_ग्रुप' (merge_group) ट्रिगर टाका, नाहीतर रिक्वायर्ड चेक (मर्जसाठी सक्तीची तपासणी) सुरूच होत नाही आणि रांग ताटकळत बसते (बरेच जण इथेच अडकतात). पण टेस्ट फ्लेकी असतील, कधी पास कधी फेल, तर आधी त्या दुरुस्त करा, कारण एक फेल झाली की तो पीआर रांगेबाहेर आणि मागच्या सगळ्यांच्या टेस्ट परत पहिल्यापासून.