सूर-सल्ला : कानावर शिकलो, आता कागदावर?

प्रश्न : आल्टो सॅक्सोफोन मी कानावर शिकलो. आता विद्यापीठात संगीताच्या पदवीला प्रवेश मिळालाय. मला जॅझच वाजवायचंय, मग तिथे क्लासिकलचा आग्रह कशाला? टेनर (आल्टोहून मोठा, खालच्या सुरांचा सॅक्सोफोन) आताच घेऊन ठेवू का?

उत्तर : टेनर नको. ते पैसे चांगला माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि रीड्ससाठी (त्यावर बसणाऱ्या, फुंकेने थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या) ठेवा. आग्रहाचं म्हणाल तर, अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये आपल्या सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं तेव्हा जॅझ जन्मालाही आलं नव्हतं. रशियन संगीतकार ग्लाझुनोव्हचा १९३४ चा आल्टो कन्सर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची क्लासिकल रचना) तुम्हाला कधीतरी वाजवावा लागेलच, आणि कुरकुर केलीत तरी त्यातून टोन सुधारेल. तोवर रोज एक करा : सर्वांत खालचा बी-फ्लॅट धरा आणि बोटं न हलवता, फक्त घसा नि जीभ बदलून वरच्या सप्तकातला तोच सूर काढा, मग त्यावरचा पंचम. सुरुवातीला नुसतं घोगरं किंचाळणं येतं. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा!

तुमची खरी अडचण नोटेशन वाचनाची होईल. आल्टो ई-फ्लॅटमधला (त्यावर सी वाजवला की ऐकू येतो ई-फ्लॅट), म्हणजे पियानोवाल्याने ‘सी द्या’ म्हटलं की तुमच्या बोटांनी ए वाजवायचा. हा हिशेब वर्ग सुरू व्हायच्या आत पक्का करा.