वाचकांचे प्रश्न : ओरछ्याला अर्धा दिवस पुरेल का?

प्रश्न : डिसेंबरअखेर आई-वडिलांना घेऊन मध्य प्रदेशातल्या ओरछ्याला जायचं आहे. दोघंही सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखतात. टूरवाले म्हणतात, खजुराहोच्या वाटेवर अर्धा दिवस बास. खरं का?

उत्तर : नाही. अर्ध्या दिवसाचे पाहुणे बहुधा भर दुपारी पोचतात. तेव्हा रामराजा मंदिर बंद असतं आणि उन्हाने छत्र्यांचा (राजांच्या समाधीमंदिरांचा) दगड नुसता पांढुरका दिसतो. दोन मुक्काम करा.

किल्ल्यात सकाळी उघडताच शिरा. तिथलं तिकीट दिवसभर सांभाळा, गावातल्या इतर स्मारकांनाही तेच चालतं. जहांगीर महाल तिमजली आहे. जिने अंधारे, पायऱ्या उंच, धरायला काही नाही. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे बोलू लागतात, म्हणून बाबांनी वर जाऊच नये. चौकात निवांत बसावं, मग पूर्वेकडच्या दगडी हत्तींच्या दारापर्यंत जावं. महालाचं मूळ दार ते. आपण शिरतो ती मागची बाजू. राजमहालात भित्तिचित्रांच्या काही खोल्यांना कुलूप असतं, रखवालदाराला विचारलंत तर उघडून देतात. फ्लॅश मात्र बंद ठेवा.

लक्ष्मी मंदिर गावापासून किलोमीटरभर, टेकाडावर. रिक्षा करून जा, पण जाच. भिंतींवर १८५७-५८ च्या झाशीच्या लढाईचे प्रसंग आहेत, गोऱ्या शिपायांसकट. त्या धामधुमीत ओरछा संस्थानची फौज स्वतःच झाशीवर चालून गेली होती, हे ठाऊक असलं की चित्रं वेगळीच दिसतात.

संध्याकाळी बेतवा नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर थांबा. सूर्य छत्र्यांमागे उतरतो. पुलाला कठडे नाहीत आणि वाहनं त्यावरूनच जातात, त्यामुळे आईबाबांना अंधार पडायच्या आत परत आणा. मग रामराजाची आरती. इथे राम राजा आहे, म्हणून पोलीस त्याला सशस्त्र मानवंदना देतात.

तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. साधारण दर २७ दिवसांनी पुष्य नक्षत्र येतं आणि त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. विवाहपंचमीलाही, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या दिवशीही, तेच.

गाडी झाशीपर्यंत (मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम), पुढे सोळा-सतरा किलोमीटर रिक्षाने. जाताना फारसा त्रास होत नाही. परतीची गाडी मात्र पंजाबकडून धुक्यातून येते आणि कित्येक तास रखडते, म्हणून घरी पोचायच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काही ठेवू नका.

प्रश्न : ओरछा अभयारण्यात वाघ दिसतो का? सफारी आधी बुक करावी लागते का?

उत्तर : वाघासाठी पन्ना व्याघ्र प्रकल्प गाठा. बेतवा आणि जामनी या नद्यांच्या मधलं हे जंगल चाळीस-पंचेचाळीस चौरस किलोमीटरचं. इथे चितळ, नीलगाय, वानरं आणि मोर. तिकीट पुलापलीकडच्या फाटकावर मिळतं. सायकल गावात भाड्याने मिळते. घेताना दोन्ही ब्रेक दाबून पाहा आणि पंप मागून घ्या, कारण वाटेवर खैर-बाभळीचे काटे पडलेले असतात आणि आत पंक्चरवाला नाही. सकाळी लवकर निघा, दहानंतर चितळं सावलीत दडतात. फेब्रुवारीअखेर आलात तर पळस फुललेला मिळेल. पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो, मग जंगलाची वाट बंद. खडकांवर बसून पाय बुडवायचे असतील तर आधी गावकऱ्यांना विचारा. वरच्या धरणातून पाणी सुटलं की पातळी पाहता पाहता चढते.

गिधाडांसाठी मात्र जंगलात जायचीही गरज नाही. छत्र्यांच्या आणि चतुर्भुज मंदिराच्या कोनाड्यांखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की मान वर करा : लांब चोचीच्या गिधाडांची घरटी. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं मेली की त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हिवाळ्यात अंडी-पिल्लं असतात. तेव्हा दुर्बीण न्या, आणि छत्रीचा वरचा जिना उघडा दिसला तरी चढू नका.