ऑडिटच्या आधी रंगवलेली टाकी

प्रश्न : मी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मोठ्या ग्राहक कंपनीने पर्यावरणाचं ऑडिट करू म्हटल्यापासून आमच्याकडे टाक्यांना रंग लागला, धोरणाची पाटी लागली. आता आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्रही घेणार आहेत. हा बदल खरा समजायचा का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून माझी पहिली नोकरी आठवली. मी सांडपाणी प्रक्रियेवर ऑपरेटर होतो. तपासणी ठरली की रंगाचे डबे यायचे. रात्रपाळीत ब्लोअर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायला सांगायचे आणि मी ते बंद ठेवायचो. ते शल्य अजून जात नाही.

१९९६ मध्ये आलेलं आयएसओ १४००१ कामाची पद्धत तपासतं. सांडपाण्यात क्रोमियम किती चालेल, हे ते ठरवत नाही. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा तुमची खरेदीची नोंदवही बघा. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, आधी आम्लात, बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइट घालून, ट्रायव्हॅलंट या कमी घातक रूपात आणावं लागतं. मग चुना किंवा कॉस्टिक सोडा घातला की ते गाळात बसतं. मेटाबायसल्फाइटची खरेदी उत्पादनाबरोबर वाढली का? गाळ किती निघाला, कुठे गेला? धातू हवेत विरत नाही. गाळ निघत नसेल, तर क्रोमियम पाण्याबरोबर बाहेर चाललंय.

तरी बाहेरच्या दबावाला कमी लेखू नका. २००१ मध्ये नेदरलँड्सने सोनीच्या प्लेस्टेशनची सुमारे १३ लाख यंत्रं अडवली, कारण केबलमध्ये कॅडमियम हा विषारी धातू मर्यादेपेक्षा जास्त सापडला. त्यानंतर सोनीने सुटे भाग पुरवणाऱ्यांचीच पर्यावरणाच्या निकषावर पारख सुरू केली. दबाव असा आत, मालाच्या निवडीपर्यंत उतरला तर मी त्याला बदल म्हणतो.

तुमच्याकडे तो टाकीवर दिसेल. जॉब, म्हणजे मुलाम्याचा भाग, बाथमधून (मुलाम्याच्या द्रावातून) काढल्यावर काही सेकंद जास्त निथळू देतात का, म्हणजे द्राव धुण्याच्या पाण्यात कमी जाईल? धुण्याचं पाणी एका टाकीतून दुसरीत उलट्या दिशेने फिरवतात का? जमेल त्या कामाला ट्रायव्हॅलंट बाथ घेतला का? निथळण्याला तर जवळपास खर्चच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करायला सांगा.

लॉगबुकही चाळा. महिनाभराचे पीएचचे (पाण्याच्या आम्लतेचे) आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेले असतील तर तुमच्या वरिष्ठांशी ऑडिटच्या आधीच बोला. एकटे जाऊ नका; ऑपरेटरला सोबत घ्या. त्याला सगळं माहीत असतं, पण त्याला कोणी विचारत नाही.